एका पट्टीवर तीन बोटं

मंगळवार, १८ सप्टेंबर

"हा तर उशीसारखा हलका आहे. आत काही आहे की नाही, व्हिन्स?" नवा अकॉर्डियन पहिल्यांदा खांद्यावर चढवून सिरिलाने विचारलं.

आत फारसं काही नाही, हे मी तिला सांगितलं. जुन्याच्या पोटात पोलादी जिभा होत्या, भाता ओढला की त्या बोलायच्या, आणि पंचवीस पौंडांचं ते धूड आता तिला पेलत नाही. नव्यात नुसत्या तारा. पट्टी दाबली की त्यातून आवाज निघत नाही, निरोप निघतो. अमुक पट्टी दाबली, इतक्या जोरात दाबली, आता सोडली. यालाच मिडी म्हणतात. तो निरोप माझ्या कॉम्प्युटरात येतो आणि मी तो पुढे पाठवतो. उजव्या हाताचे निरोप एका प्रोग्रॅमकडे, तो अकॉर्डियनचा आवाज काढतो. डाव्या हाताचे दुसऱ्याकडे, तो बास, म्हणजे खर्जाचे सूर, वाजवतो. बास पूर्वी मी वाजवायचो. खांदा गेला तशी गिटार भिंतीवर गेली. पाचजणांच्या बँडमधले दोघे मातीखाली आहेत, उरलो आम्ही तिघं: सिरिला, ड्रमवाला हर्मन, आणि कॉम्प्युटरपुढे मी.

एकतीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काढली. या घरचा फोन त्या घरी जोडायचा. हेही तेच काम आहे, पुस्तकं वाचून आणि चुका करून शिकलो.

संत मार्टिनचा, म्हणजे नव्या वाईनच्या सणाचा, नाच १० नोव्हेंबरला. सिरिलाचा हा चाळिसावा. पण गेल्या वर्षी तिचे हात थरथरू लागल्याचं सगळ्यांनी पाहिलंय. कमिटीचा अध्यक्ष ऑगी मोचनिक म्हणतो, आधी येऊन ऐकीन, नाही जमलं तर यंदा रेकॉर्ड लावू.  घरी आल्यावर सिरिला मला म्हणाली, "रेकॉर्डवर नाचायचं तर हॉल कशाला हवा? स्वयंपाकघर आहे की."

शनिवार, २२ सप्टेंबर

आज फजिती. एका प्रोग्रॅममधून बाहेर पडणारे निरोप चुकून मी त्याच्याच दारात परत सोडले. सिरिलाने एक पट्टी दाबली, ती फिरून आली, पुन्हा गेली, पुन्हा आली, आणि क्षणात स्पीकरमधून अशी किंकाळी निघाली की शेजाऱ्यांचा कुत्रा कुंपणावरून उडी मारून आला. मी वायर उपटली.

"एक्स्चेंजात असं किती जणांना बहिरं केलंस रे?" सिरिला डोळे पुसत म्हणाली. हसून हसून पाणी आलं होतं तिच्या डोळ्यांत. तिचा नवरा फेलिक्स गेल्यानंतर तिला इतकं हसताना मी पाहिलं नव्हतं. अशी फजिती रोज झाली तरी चालेल.

मंगळवार, २५ सप्टेंबर

जोडणी नीट झाली. आता जे ऐकू येतं ते खरं, आणि ते ऐकवत नाही.

जुन्या अकॉर्डियनच्या जिभा जरा आळशी होत्या, बोट थरथरलं तरी ते पोटात घ्यायच्या. हा नवा काही पोटात घेत नाही. सिरिलाचं बोट पट्टीवर टेकलं की कंपामुळे पट्टी दोनदा दाबली जाते, आणि एकाचे दोन सूर होतात. पोल्काची उडती नाचाची चाल अशी वाजते, जणू कोणी खडीच्या रस्त्यावरून ढकलगाडी नेतंय. ती मान खाली घालून वाजवत राहिली. हर्मनने काठ्या मांडीवर ठेवल्या आणि खिडकीबाहेर बघत बसला.

तिची मुलगी जॅनेट मला स्वयंपाकघरात घेऊन गेली. "व्हिन्सकाका, ऑगी सहा तारखेला येतोय. तुम्हाला काही करता येईल का? कॉम्प्युटरात?"

"करता येईल."

"मग करा. पण आईला कळू देऊ नका. तिला वाटू दे, औषध लागू पडलं म्हणून."

मी हो म्हणालो. कॉफीचा कप धरला होता तिने दोन्ही हातांत, आणि तिचा चेहरा अगदी फेलिक्ससारखा दिसत होता. नाही कसं म्हणणार?

गुरुवार, २७ सप्टेंबर

केलं. अकॉर्डियन आणि आवाजाचा प्रोग्रॅम यांच्यामध्ये एक चाळणी बसवली. एका सेकंदाचे हजार तुकडे केले, आणि आधीच्या दाबण्यापासून, तो गिळलेला असला तरी, दीडशे तुकड्यांच्या आत तीच पट्टी पुन्हा दाबली गेली तर दुसरा निरोप गिळून टाकायचा, पुढे जाऊच द्यायचा नाही. एवढंच.

सिरिलाने वाजवायला घेतलं आणि सूर नुसते ओघळले. स्वच्छ, एकेक. तिने अर्ध्यात थांबून बोटांकडे पाहिलं, मग पुन्हा पहिल्यापासून वाजवलं. हर्मन ओरडला, "अगं बाई! विशीत गेलीस की काय?"

ती माझ्याकडे बघून म्हणाली, "तुझा कॉम्प्युटर फार सभ्य आहे, व्हिन्स."

मला फार बरं वाटलं. यंत्राचं कौतुक तिने आजवर कधी केलं नव्हतं.

घरी आल्यावर मात्र जेवण गेलं नाही. एक्स्चेंजात एकतीस वर्षांत मी कुणाचं बोलणं मधेच तोडलं नाही. भांडणं जोडली, रडणी जोडली, मध्ये हात घातला नाही. पण हे वेगळं आहे, असं मनाला सांगतोय. हे औषधासारखं आहे.

शनिवार, ६ ऑक्टोबर

ऑगी आला, टोपी न काढता खुर्चीत बसला, तीन पोल्का ऐकल्या आणि टोपी काढली. "सिरिला, मी काहीतरी भलतंच ऐकलं होतं तुझ्याबद्दल."

"काय ऐकलं होतंस?"

"काही नाही. लोकांना उद्योग नाहीत."

नाच आमचा! जॅनेटने पोतित्सा, अक्रोड भरलेला गोड पाव, कापली, हर्मनने चार तुकडे खाल्ले आणि पाचवा खिशात घातला. सिरिलाने एकही खाल्ला नाही. थकली असेल.

गुरुवार, ११ ऑक्टोबर

वायरची पेटी न्यायला दुपारी सिरिलाकडे गेलो तर दार उघडंच. आत ती वाजवत बसलेली, आणि सरावासाठी तिथे ठेवलेला माझा कॉम्प्युटर बंद! मुक्या पट्ट्यांवर बोटं चालली होती. खोलीत फक्त पट्ट्यांची टकटक. डोळे मिटून, मान कलती करून ती ती टकटक ऐकत होती.

"अगं, चालू करून देऊ का?"

"नको. शेजाऱ्यांना त्रास नको."

इतकी वर्षं शेजाऱ्यांनी तिचं वाजवणं आनंदाने ऐकलंय. पण वयाबरोबर माणूस बुजतो, माझंही तसंच झालंय.

मंगळवार, १६ ऑक्टोबर

वाईट दिवस. आज वॉल्ट्झ काढला, फेलिक्सने लग्नाच्या वर्षी तिच्यासाठी बांधलेला. त्यात एक जागा आहे, ती फेलिक्सची नाही, हिची स्वतःची. वरच्या सुरावर येऊन एकाच पट्टीवर तीन बोटं पाठोपाठ टाकायची: अनामिका, मधलं, तर्जनी. तीन ठोके, दारावर टिचकी मारल्यासारखे. मी कितीतरी मोठमोठे वाजवणारे ऐकले, त्यांनाही ती जागा तशी जमली नाही.

आज तिथे एकच सूर आला, लांबडा आणि लंगडा. दुसऱ्यांदाही एकच. तिसऱ्यांदाही.

म्हणजे दुखणं बोटांच्या मुळापर्यंत पोचलं.  मी खुर्ची तिच्याजवळ ओढली आणि होईल तितक्या हळुवारपणे म्हणालो, "सिरिला, त्या जागी एकच सूर धर ना. लोकांच्या लक्षातही येणार नाही."

तिने माझ्याकडे पाहिलं. 

"एकच धरू?"

"उगाच बोटांना त्रास कशाला?"

"बरं," ती म्हणाली, भाता मिटला आणि पट्टा लावला. "वॉल्ट्झ राहू दे मग यंदा. तुम्ही दोघं पोल्काच घ्या."

हर्मन परतताना गाडीत म्हणाला, "चाळीस वर्षांत वॉल्ट्झशिवाय नाच झाला नाही." मी म्हणालो, शरीरापुढे कुणाचं चालतं का?  तो म्हणाला, "साफ वाजवते रे ती, पण मला ती सापडत नाही. पूर्वी तिच्या उजव्या हाताच्या लयीवर मी माझा हात टाकायचो. आता भिंतीवर टाकल्यासारखं वाटतं."

हर्मनचे कान सत्तरीनंतर तसेही कमी झालेत.

शुक्रवार, १९ ऑक्टोबर

आज सिरिलाने माझ्या पडद्यावर सरकणाऱ्या दोन याद्या कसल्या ते विचारलं. मी सांगितलं: डावीकडे तुझ्याकडून आलेले निरोप, उजवीकडे पुढे गेलेले. तिने चष्मा लावला, एका हाताने थोडं वाजवलं आणि दोन्ही याद्या वरपासून खालपर्यंत वाचल्या, बोट लावून, लहान मूल वाचतं तशी.

"डावीकडची लांब आहे," ती म्हणाली.

मी म्हणालो, तिकडे पट्टी सोडल्याच्या नोंदी वगैरेही असतात. खोटं नव्हतं, पण खरंही नव्हतं. ती म्हणाली, "अच्छा." या वयात तिला कॉम्प्युटरची गोडी लागतेय, हे एक चांगलं झालं.

मंगळवार, ३० ऑक्टोबर

घडलं ते क्रमाने लिहितो. 

सकाळच्या सरावात एक सूर अडकून बसला. पट्टी सोडली तरी तो वाजतच राहिला, सगळे निरोप बंद करून त्याचं तोंड दाबावं लागलं. चाळणीने कुठेतरी सोडल्याचा निरोपही गिळला असणार. कॉम्प्युटर घरी आणून मी महिन्याभराच्या जपून ठेवलेल्या याद्या उघडल्या, दोष कधीपासून आहे ते बघायला. वाचता वाचता सोळा तारखेच्या वॉल्ट्झवर आलो.

डावीकडच्या यादीत तीन ठोके होते.

वरचा सूर, एकशे चार तुकड्यांनी पुन्हा तोच, एकशे एक तुकड्यांनी पुन्हा तोच. दुसऱ्या वेळी एकशे तीन, एकशे दोन. तिसऱ्या वेळी तसंच. शिवणयंत्राच्या टाक्यांसारखे सारखे, आणि जोरही चढता: पहिला हलका, तिसरा ठाम. सत्तर उलटलेल्या, कापणाऱ्या हाताने तिने ते तीनदा वाजवले होते. उजवीकडच्या यादीत प्रत्येक वेळी एक.

ते मी गिळले होते. आणि वर तिला सांगितलं होतं, एकच सूर धर.

माझ्या चाळणीला कंप आणि ठोका यांतला फरक कळत नाही. तिला फक्त वेळ कळते. जोरावरून वेगळे करता येतात का म्हणून दुपारभर खटपट केली. हलके गिळायचे, ठाम सोडायचे. पण पहिला ठोका हलका, आणि कंपातलेही काही ठाम. तिचाच हात, तिचंच बोट. मी कुठल्या तोंडाने मध्ये रेघ मारू?

गुरुवार, १ नोव्हेंबर

आज सगळ्या संतांचा दिवस. दरवर्षीसारखे मेणबत्त्या घेऊन दफनभूमीत गेलो, आधी माझ्या बायकोकडे, जोसीकडे, मग फेलिक्सकडे. तळ्यावरचा वारा असा की ज्योत टिकेना. सिरिला गुडघ्यांवर बसून लायटर पेटवत होती, अंगठा घसरत होता.

मी उभ्या उभ्याच बोललो. बसलो असतो तर जमलं नसतं. चाळणीपासून सोळा तारखेपर्यंत सगळं सांगितलं. जॅनेटचं नाव घेतलं नाही.

ती लायटरशीच झटत होती. "जॅनेटने सांगितलं ना तुला?"

मी दुसरी मेणबत्ती तिच्याजवळ सरकवली.

"मला दुसऱ्याच मिनिटाला कळलं रे. माझं बोट दोनदा पडतं ते मला बोटात कळतं. कानाला एकदाच आलं. मग कुणी खाल्लं? हर्मनने?"

"मग बोलली का नाहीस?"

ज्योत लागली. तिने दोन्ही तळव्यांचा आडोसा केला. तळवे हलत होते, त्यामुळे ज्योतही हलत होती.

"पहिल्या आठवड्यात वाटलं, तू सांगशील. मग..." ती थांबली. "मग ऐकायला बरं वाटायला लागलं. वाटायचं, चाळिशीतली सिरिला वाजवतेय, आणि मी बाजूला बसून ऐकतेय. छान वाजवायची गं, असं म्हणायची मी मनात. तुला काय वाटतं, मला मोह पडत नाही?"

"पण त्या दिवशी मी तुला म्हणालो..."

"त्या दिवशी तुला ढकलून द्यावंसं वाटलं होतं, खुर्चीसकट." ती माझा हात धरून उठली. "ते तीन ठोके मी एकोणिसाव्या वर्षी बसवले, आईच्या गोठ्याच्या मागे, बोटं सुजेपर्यंत. दुखण्याने अजून ते नेले नाहीत, व्हिन्स. तू नेलेस."

 मी टोपी काढून हातात धरली. ती म्हणाली, "घाल, थंडी आहे."

परतीच्या वाटेवर तिनेच ठरवलं. पोल्काला चाळणी राहू दे, लोकांचे पाय त्यावर असतात. वॉल्ट्झला काढायची. जे येईल ते येईल.

"ऑगीने ऐकलं तर?"

"ऐकायलाच येतो ना तो?"

मंगळवार, ६ नोव्हेंबर

हर्मनला सांगितलं. त्याने मला शिवी दिली, जी मी इथे लिहीत नाही, आणि मग सिरिलाला म्हणाला, "आता टाक हात, बघू सापडतेस का."

चाळणीशिवाय वॉल्ट्झ वाजला. खडी आहेच. पण हर्मनचा ड्रमवर फिरवायचा तारांचा ब्रश तिच्या मागे मागे असा गेला, जसा आंधळ्याला हात धरून नेणारा नव्हे, तर ओळखीच्या वाटेवरचा सोबती.

जॅनेट दारात उभी राहून ऐकत होती. नंतर माझ्याशी बोलली नाही. तिचा राग बरोबर आहे की चूक, मला ठरवता येत नाही.

रविवार, ११ नोव्हेंबर

प्रार्थनेहून आलो, कॉफी केली, आता कालचं लिहितो.

हॉल भरला होता. हंस भाजलेला, कोबी, नवी वाईन. ऑगी दरवर्षीसारखा बिशप झालेला, पुठ्ठ्याची उंच टोपी घालून त्याने वाईनच्या पिंपाला आशीर्वाद दिला आणि पहिला घोट स्वतःच घेतला. पोल्का सुरू झाल्या. चाळणी चालू, सूर स्वच्छ, जमीन हलत होती. लोक येऊन सिरिलाला सांगत होते, अगदी पूर्वीसारखी वाजवतेस. ती मान हलवून "थँक्यू" म्हणायची आणि माझ्याकडे बघायची नाही.

मग तिने वॉल्ट्झ सांगितला. मी चाळणीच्या खुणेवर बोट नेलं, आणि खरं लिहायचं तर दोन क्षण दाबलंच नाही. समोर ऑगी उभा, दीडशे माणसं उभी, आणि माझ्या बोटाखाली तिची लाज झाकणारं शेवटचं पांघरूण, असं मला वाटत होतं. तिने भाता उघडून धरला होता. वाट बघत होती. मी दाबलं.

पहिल्याच ओळीत सूर दुहेरी झाले. काही जोडपी अडखळली. एक बाई नवऱ्याला म्हणाली, "स्पीकर बिघडला वाटतं." बारजवळची तरुण मंडळी वळून पाहू लागली. सिरिलाचं कपाळ ओलं झालं होतं. हर्मनने लय जराशी मोकळी सोडली, तिला जागा होईल इतकीच, आणि ती वरच्या सुराकडे निघाली.

त्या जागी नाचणाऱ्यांनी टाच तीनदा आपटायची, ही आमच्या हॉलची सवय. कुणी सुरू केली ठाऊक नाही. जुनी जोडपी तिथे आली आणि सिरिलाची तीन बोटं पडली. कंप मध्ये घुसला, तीनचे चार झाले. पण टाचा तीनच पडल्या. दुसऱ्या फेरीत पाच झाले. टाचा तीन. तिसऱ्या फेरीला मला पाच ऐकू आले की तीन, ते मी सांगू शकत नाही. यादी उघडून बघता येईल. बघणार नाही.

वॉल्ट्झ संपला, टाळ्या झाल्या, पण विरळ. आमच्या वयाच्यांच्या जास्त. आता पोल्का होती, मी चाळणी लावायला बोट नेलं. सिरिलाने मान हलवली. नको.

"पोल्काला ठेवायची ठरली होती," मी पुटपुटलो.

"ठरली होती," ती म्हणाली, आणि पोल्का सुरू केली.

शेवटचा तास तसाच गेला. खडीसकट. तरुण मंडळी एकेक करून कोट घालून निघाली. वीसेक जोडपी उरली, ती मात्र शेवटपर्यंत नाचली. सोपं नव्हतं, कुणी तसं म्हटलं तर ते खोटं. एका पोल्कात सगळेच पाय चुकले आणि लोक एकमेकांना धरून हसत उभे राहिले.

पसारा आवरताना ऑगी व्यासपीठाजवळ आला. ती पुठ्ठ्याची टोपी अजून डोक्यावर, एका कानावर कललेली. घसा खाकरला.

"सिरिला, पुढच्या वर्षीचं म्हणजे... कमिटीला विचार करावा लागेल..."

"माहीत आहे, ऑगी. टोपी सरळ कर."

त्याने केली. मग वाकून तिचा हात हातात घेतला आणि गेला.

मी तिच्या खांद्यांवरून पट्टे काढले. कोट चढवायला मदत केली. व्यासपीठाला चार पायऱ्या आहेत, कठडा नाही. तिने माझ्या दंडाला धरलं. तिचा हात माझ्या बाहीवर थरथरत होता, जाड लोकरीतूनही कळत होतं, कधी दुहेरी, कधी तिहेरी. एरवी मी माझा दुसरा हात वर ठेवून तो दाबून धरला असता. काल तसाच राहू दिला, आणि आम्ही खाली उतरलो.